ब्लॉकबेंच: गवा घडतो झकास, गेमच्या दारात मात्र अडतो

माइनक्राफ्टमध्ये गाय आहे, डुक्कर आहे, अगदी अ‍ॅक्सोलॉटलसुद्धा आहे. गोव्याचा राज्यप्राणी गवा मात्र नाही. तो आणायचा तर ब्लॉकबेंच हे त्रिमितीय मॉडेल घडवायचं सॉफ्टवेअर पहिलं साधन, आणि ते हाताला बसलं की दुसरं शोधावंसं वाटत नाही. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर बसतं आणि ब्राउझरमध्येही चालतं. हे परीक्षण बेडरॉक आवृत्तीपुरतं आहे. फोन, टॅब आणि विंडोजवर चालते ती हीच, शिवाय तिच्यात नवा प्राणी घालायला प्रोग्रॅमिंग लागत नाही, जेसन फाइलींवर (ठरावीक मांडणीच्या साध्या मजकुराच्या फाइलींवर) भागतं. जावा आवृत्तीत नवा प्राणी म्हणजे फॅब्रिक किंवा निओफोर्ज हे मॉड चालवणारं साधन आणि त्यावर जावाचा कोड. मॉडेल तिथेही ब्लॉकबेंचमध्येच करतात, पण तो संसार वेगळा.

आमचं मत आधीच सांगतो. घडवणं, रंगवणं आणि हलवणं यांत ब्लॉकबेंचला दहापैकी नऊ. तयार प्राणी गेमशी जोडायच्या कामात पाच, तेही एका प्लगिनच्या जिवावर.

पहिली ठेच सुरुवातीलाच लागते. नवं मॉडेल उघडताना प्रकार विचारला जातो, तिथे ‘बेडरॉक एन्टिटी’ निवडा. ‘जेनेरिक मॉडेल’ घेतलं तर मेशची, म्हणजे हवा तसा वळवता येणाऱ्या जाळीदार पृष्ठभागाची, साधनं मिळतात, गोलाई सुरेख येते, मन हरखतं. आणि शेवटी कळतं की तो मेश बेडरॉकच्या प्राण्यात जातच नाही. इथे सगळं क्यूबचं काम. जमिनीच्या जाळीवर उत्तर दिशेची खूण असते, प्राण्याचं तोंड तिकडेच हवं. उलटं केलंत तर गवा गेमभर पाठमोरा चालत राहील.

मापाचा हिशेब सोपा आहे: १६ एकक म्हणजे एक ब्लॉक, आणि एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. भरल्या अंगाच्या नर गव्याची खांद्यापाशी उंची पावणेदोन-दोन मीटरच्या घरात असते. म्हणून पाय १२ एकक उंच, त्यावर धड १४ रुंद, १६ उंच, ३२ लांब, आणि खांद्यावरच्या वशिंडासाठी ३ एककांचा वेगळा क्यूब. एकूण ३१, म्हणजे दोन ब्लॉकांना किंचित कमी. वशिंड धडातच धरू नका. गव्याची ओळख त्या चढत्या पाठीत आहे, ती गेली की उरते नुसती काळी गाय. शिंगांसाठी प्रत्येकी तीन क्यूब पुरतात. या प्रकारात क्यूब हव्या त्या कोनात फिरवता येतो, त्यामुळे बाहेर जाऊन आत वळणारा बाक नीट साधतो.

टेक्स्चरला, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या रंगीत चित्राला, ६४ × ६४ पिक्सेलचा कागद बहुतेक जण सवयीनं घेतात आणि इथे तो अपुरा पडतो. बॉक्स यूव्हीमध्ये, म्हणजे क्यूब खोक्यासारखा उलगडून कागदावर मांडायच्या पद्धतीत, एका क्यूबला कागदावर लागणारी रुंदी म्हणजे त्याची रुंदी आणि लांबी यांच्या बेरजेची दुप्पट, आणि उंची म्हणजे लांबी अधिक उंची. आपल्या धडाला म्हणून ९२ × ४८ पिक्सेल लागतात. थेट १२८ × १२८ घ्या. पुढचा-मागचा एकेक पाय रंगवून दुसऱ्या बाजूला मिरर केलात तर जागा वाचते आणि रंगकामही निम्मं होतं. गुडघ्याखालचे पांढरट मोजे खालच्या सहा पिक्सेलमध्ये बसतात. शिंगं पिवळसर हिरवट, टोकं काळी. रंगवण्याची सोय खरोखर उत्तम आहे: थेट त्रिमितीय मॉडेलवर ब्रश फिरवा, शेजारी सपाट कागदावर तोच ठिपका उमटलेला दिसतो.

बॉक्स यूव्हीचा एक खोडसाळपणा ध्यानात ठेवा. क्यूबची मापं पूर्णांकच हवीत. कान पातळ हवा म्हणून ०.५ जाडी दिलीत की त्या बाजूचा रंग गायब होतो, कारण पिक्सेल अर्धा होत नाही. माप १ ठेवा आणि ‘इन्फ्लेट’ उणे करून क्यूब आक्रसून घ्या. दोन क्यूबचे पृष्ठभाग एकाच पातळीत आले की गेममध्ये तो भाग लुकलुकतो. त्यावरही हाच उतारा, एकाला ०.०५ इन्फ्लेट दिलं की थांबतं.

आता पिव्हट, म्हणजे एखादा भाग ज्या बिंदूभोवती फिरतो तो. इथेच निम्मी मॉडेलं मार खातात. पायाच्या बोनचा (एकत्र हलणाऱ्या क्यूबच्या गटाचा) पिव्हट पाय धडाला मिळतो तिथे, म्हणजे जमिनीपासून १२ वर हवा. तो शून्यावर राहिला तर पाय खुरापासून झुलतो आणि वरचं टोक धडातून बाहेर डोकावतं. डोक्याचा पिव्हट मानेत. बोनची नावंही मनाला येतील तशी ठेवू नका: डोक्याला ‘हेड’ आणि पायांना ‘लेग ०’ ते ‘लेग ३’ अशी नावं दिलीत (फाइलीत अर्थात रोमन छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता), तर गेममध्ये आधीपासून असलेली चौपायांच्या चालीची आणि लक्ष्याकडे मान वळवण्याची अ‍ॅनिमेशन आयती लागू होतात. ० आणि ३ तिरकस समोरासमोर हवेत, कारण ती जोडी एकत्र हलते. फक्त ती आयती चाल जवळपास ८० अंशांच्या झोक्याची आहे. गव्याला ती लावली की बकरीसारखा तुरुतुरु पळतो. स्वतःचं अ‍ॅनिमेशन करून झोका २५ ते ३० अंशांवर आणा, मग वजन दिसतं.

अ‍ॅनिमेशनचा विभाग ही ब्लॉकबेंचची खरी कमाई. टाइमलाइनवर कीफ्रेम (ठरावीक क्षणाची स्थिती) ठेवा किंवा चौकटीत मोलँगचं, म्हणजे बेडरॉकच्या सूत्रभाषेतलं, सूत्र लिहा, दोन्ही चालतं. सूत्रात गेमकडून येणारी किंमत असेल, उदाहरणार्थ प्राणी किती अंतर चालला, तर ती इथे येत नाही आणि मॉडेल ढिम्म उभं राहतं. त्यासाठी ‘व्हेरिएबल प्लेसहोल्डर्स’चा रकाना आहे, त्यात ती किंमत वेळेला बांधून टाकली की चाल इथल्या इथे तपासता येते. प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांनी जपावं: मोलँगमधले साइन-कोसाइन अंशांत चालतात, रेडियनमध्ये नाहीत.

मगरीला याचा फायदा सगळ्यात जास्त. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातली मगर डोळ्यांसमोर आणा. शेपटीला चार बोन करा, प्रत्येक आधीच्याच्या पोटात. प्रत्येकाला वेळ गुणिले १८० चं साइन आणि ८ अंशांचा झोका द्या, मागच्या प्रत्येक बोनच्या कोनातून ४० अंश अधिक वजा करत जा. बोन एकात एक असल्यामुळे वळण साठत जातं, म्हणून ८ पुरे; २० दिलेत तर शेपूट गाठ मारून घेईल. १८० या गुणकानं एक फेरी दोन सेकंदांत होते, तेव्हा अ‍ॅनिमेशनची लांबी २ सेकंदच ठेवा, नाहीतर दर फेरीला झटका बसतो. बोरीला पौषातल्या अमावास्येला खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) चिखलात मगर थापतात, ती पाहिली असेल तर एक गोष्ट लगेच पटेल: पाठीवरचे खवले नीट आले की पाय कसेही चालतात. इथेही पाठीवर एक एककाच्या क्यूबच्या दोन ओळी द्या आणि पायांवर फार वेळ घालवू नका.

इथवर साधनाचं कौतुक. एक्स्पोर्टचं बटण दाबलं की आपण गेमच्या दारात येतो, आणि तिथे ब्लॉकबेंच हात झटकतं. एका प्राण्याला दोन पॅक लागतात. रिसोर्स पॅकमध्ये मॉडेल, टेक्स्चर, अ‍ॅनिमेशन आणि त्या सगळ्यांना बांधणारी क्लायंट एन्टिटी फाइल; बिहेवियर पॅकमध्ये स्वभाव. दोन्हींतली ओळख तंतोतंत एकच हवी, पुढे तुमचा स्वतःचा उपसर्ग, मग कोलन, मग नाव. प्रत्येक पॅकच्या मॅनिफेस्टमध्ये (पॅकची माहिती देणाऱ्या फाइलीत) हेडरला एक आणि मॉड्यूलला दुसरा यूयूआयडी (एकमेव असा लांब ओळखक्रमांक), म्हणजे एकूण चार, सगळे वेगळे. जुन्या पॅकमधून मॅनिफेस्ट उचलून तसाच ठेवला की गेम तो पॅक आधीच आहे म्हणून नाकारतो. बिहेवियर पॅकच्या डिपेंडन्सीत रिसोर्स पॅकचा हेडर यूयूआयडी लिहिलात तर एक चालू करताना दुसरा आपोआप येतो.

हे सगळं हातानं करायचं नसेल तर ब्लॉकबेंचच्या प्लगिन यादीतला ‘माइनक्राफ्ट एन्टिटी विझार्ड’ बसवा. नाव, ओळख, स्वभावाचा नमुना आणि अंड्याचे (गेममध्ये प्राणी ज्यातून काढतात त्याचे) रंग विचारून तो दोन्ही पॅकचा सांगाडा उभा करतो. पहिल्या प्राण्याला तोच वापरा. पुढे नवं अ‍ॅनिमेशन केलंत की क्लायंट एन्टिटीत ते दोनदा लिहावं लागतं: एकदा ‘अ‍ॅनिमेशन्स’मध्ये नावानिशी आणि एकदा ‘स्क्रिप्ट्स’खालच्या ‘अ‍ॅनिमेट’मध्ये. दुसरी नोंद राहिली तर ब्लॉकबेंचमध्ये डौलात चालणारा गवा गेममध्ये फरशीवरून सरकवलेल्या कपाटासारखा जातो.

काय बिघडलं हे लक्षणावरून ओळखता येतं. सावली दिसते पण प्राणी नाही: मॉडेलची ओळख चुकली. जांभळे-काळे चौकोन: टेक्स्चरचा मार्ग चुकला. विंडोजवर ठीक पण फोनवर चौकोन: फाइलीच्या नावात कुठेतरी मोठं अक्षर आहे. कानाभोवतीचा मोकळा भाग भरीव दिसतो: मटेरियल ‘एन्टिटी अल्फाटेस्ट’ करा. प्राणी हवेत तरंगतो: बिहेवियर फाइलीत ‘फिजिक्स’ नाही. मान फिरवली की मगर पडद्याच्या कडेला अचानक नाहीशी होते: प्रोजेक्टच्या सेटिंगमधले ‘व्हिजिबल बाउंड्स’ लहान आहेत, चार मीटरच्या मगरीला रुंदी ५ तरी द्या. मगर पाण्यात बुडून मरते, हेही होतं. ‘ब्रीदेबल’मध्ये पाण्यात श्वास घेण्याची परवानगी लिहा. बाकी सगळ्यासाठी सेटिंग्जच्या ‘क्रिएटर’ विभागात कंटेंट लॉग चालू ठेवा, चूक फाइलीच्या नावासकट समोर येते.

एका दुखण्याला मात्र पूर्ण औषध नाही, आणि तो दोष गेमचा आहे. ‘कोलिजन बॉक्स’ला, म्हणजे प्राणी भिंतींना अडतो त्या अदृश्य खोक्याला, फक्त रुंदी आणि उंची देता येते, तळ कायम चौरस. लांब मगरीला ३.५ रुंदी दिली तर ती अरुंद ओढ्यात शिरतच नाही; १.२ दिली तर तोंड आणि शेपूट भिंतीतून आरपार जातात. आमची पसंती १.२ रुंद, ०.६ उंच. भिंतीतलं शेपूट परवडलं, अडकून पडलेली मगर नको. वार शेपटीवरही लागावा असं वाटत असेल तर ‘कस्टम हिट टेस्ट’मध्ये जादा चौकोन जोडा. गव्याला १.४ आणि १.९ व्यवस्थित बसतं.

प्राणी आपोआप उगवायला हवा असेल तर स्पॉन रूल्सची फाइल वेगळी. गव्याला जंगलाचा टॅग आणि कळपाचा आकडा द्या. मगरीसाठी माइनक्राफ्टमध्ये २०२२ च्या १.१९ आवृत्तीपासून खारफुटीचा प्रदेश आहेच, याहून चांगली जागा कुठली.

काम चालू असताना पॅक डेव्हलपमेंटच्या फोल्डरांत ठेवा. साध्या फोल्डरात दर बदलाला आवृत्तीचा आकडा वाढवावा लागतो, नाहीतर गेम जुनीच प्रत दाखवत राहतो. मॉडेल बदललं की जगातून बाहेर पडून पुन्हा आत जायचं. ब्राउझरपेक्षा डेस्कटॉप आवृत्ती घ्या, ती थेट फाइलीवर सेव्ह करते आणि अधूनमधून बॅकअपही ठेवते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी असते ते सांगायला नको. आणि एक्स्पोर्ट केलेल्या फाइलीवर विसंबू नका. तिच्यात फक्त आकार असतो. टेक्स्चर, अ‍ॅनिमेशन आणि मांडणी एकत्र राहते ती बीबीमॉडेल फाइलीत. दोस्तांना पाठवताना दोन्ही पॅक एकत्र झिप करा आणि शेवटची अक्षरं बदलून एमसीअ‍ॅडऑन करा, फोनवर टिचकी मारली की गेम स्वतः उघडून ते बसवून घेतो.