६३,९६० रुपये गेले, आणि पेपरही अडकला

६३,९६० रुपये. माझा संशोधनाचा पेपर जर्नलमध्ये छापून यावा म्हणून चार वेळा पाठवले, माझ्याच पगाराच्या खात्यातून, माझ्याच हाताने. आकडा पूर्ण लिहिते आहे, कारण "साठेक हजार" म्हटलं की ऐकणारा "जाऊ दे" म्हणून मोकळा होतो. मला ते जाऊ द्यायचं नाही.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागात सहायक प्राध्यापक आहे. सहयोगी प्राध्यापक व्हायला चार वर्षं आणि इंडेक्स्ड जर्नलमधले, म्हणजे मान्य याद्यांत नोंदलेल्या संशोधनपत्रिकांमधले, दोन पेपर लागतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ आहे. चार वर्षं झाली होती. एक पेपर होता. दुसरा तयार होता आणि तो चांगला होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. सर्पदंशाचे २१४ रुग्ण. साप चावल्यापासून एएसव्हीचा, म्हणजे सर्पविषावरच्या प्रतिविषाचा, पहिला डोस मिळेपर्यंत किती वेळ गेला, आधी मांत्रिकाकडे नेलं का, गाडी मिळायला किती वेळ लागला, प्राथमिक आरोग्य केंद्रात काय झालं, हे सगळं चौदा महिने टिपलेलं. माझा रेसिडेंट, म्हणजे माझ्या हाताखाली एमडी करणारा डॉक्टर, रात्री तीन वाजतासुद्धा कॅज्युअल्टीत उभा राहून नातेवाइकांना वेळा विचारायचा. एथिक्स कमिटीची परवानगी होती, प्रत्येकाची संमती घेतलेली होती, अशा अभ्यासात काय काय नोंदायचं ते सांगणारी स्ट्रोबची चेकलिस्ट ओळ न ओळ भरलेली होती. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम १९८०च्या दशकात लॅन्सेट या नामांकित जर्नलपर्यंत नेलं, हे आम्ही शिकत असताना ऐकलेलं. तेवढी झेप नाही, पण आपल्या भागातल्या रुग्णांचं काम कुठेतरी नीट नोंदलं जावं, एवढी इच्छा होती.

एका चांगल्या भारतीय जर्नलने तो पेपर सात महिने ठेवून परत केला. त्यांच्या टिप्पण्या कडक होत्या, पण खऱ्या होत्या. आकडेवारीची एक चाचणी चुकली होती, ती आम्ही सुधारली. पण सात महिने गेले ते गेले. बढतीच्या फायली मार्चअखेर जमा करायच्या होत्या. तेव्हा २०२३ चा नोव्हेंबर चालू होता.

डॉक्टरांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. मॅन्युस्क्रिप्टची भाषा, फॉरमॅटिंग, प्लेजरिझम (मजकूरचोरी) रिपोर्ट आणि स्कोपस या मान्य यादीतल्या जर्नलमध्ये सबमिशन, "संपूर्ण सहाय्य". टाकणारा माणूस ग्रुपमधल्या कुणाच्या तरी ओळखीचा होता, निदान मला तसं वाटलं. फोनवर स्वच्छ मराठी बोलला, "मॅडम, मॅडम" करत. दहा हजार अधिक जीएसटी, म्हणजे ११,८००. २८ नोव्हेंबरला पाठवले. भाषा तपासून घेण्यात गैर काहीच नाही, कितीतरी लोक रीतसर घेतात. यात माझं काय चुकलं?

चुकलं ते पुढे. सबमिशनचं खातं त्याने उघडलं. करस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, म्हणून नाव माझं, पण ईमेल त्याने बनवलेला. मला म्हणाला, तुमच्या इनबॉक्सला उगाच त्रास नको. मी तुम्हाला सांगते, जर्नलचं लॉगिन दुसऱ्या कुणालाही उघडू देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. त्या दिवसापासून माझ्याच पेपरबद्दलचा सगळा पत्रव्यवहार त्याच्या हातातून गाळून माझ्यापर्यंत येत होता. कॉपीराइटच्या फॉर्मवर पेपर स्वीकारला जाण्याआधीच सह्या घेतल्या. मी दिल्या. राउंड संपवून घाईत दिल्या.

मला कुणी सांगू नये की मी तपासलं नाही. मी तपासलं! जर्नल युरोपातल्या एका जुन्या संस्थेचं. नाव स्कोपसच्या यादीत टाकून पाहिलं, होतं. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, जुळवला, आकडा न आकडा जुळला. संपादक मंडळातली दोन नावं शोधली, खरे प्राध्यापक निघाले. वेबसाइटवर जुने अंक होते, मुखपृष्ठं होती. आणखी काय करायचं असतं माणसाने?

एकच करायचं होतं. त्याने पाठवलेल्या लिंकवरून त्या साइटवर जायचं नव्हतं. जर्नल खरं होतं, साइट खोटी होती. नाव, आयएसएसएन, संपादक सगळं चोरून वर दुसराच पत्ता लावलेला. याला हायजॅक्ड जर्नल म्हणतात, आणि हे मला पाच महिन्यांनी कळलं. संशोधनातल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या साइटने अशा जर्नलांची यादीच २०२२ पासून ठेवली आहे, फुकट आहे, दोन मिनिटांत बघून होते. आम्हाला बायोमेडिकल रिसर्चचा सक्तीचा कोर्स करायला लावतात, तो मी पास झाले आहे, पण सावध व्हायला हवं हे मला फसल्यावर कळलं. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांच्या नावाने आम्ही सगळे आपले "प्रिडेटरी, प्रिडेटरी" करत बसतो आणि खऱ्या जर्नलचं नाव दिसलं की निर्धास्त होतो. चोर नेमका तिथूनच आत आला.

आता ती रात्र. ती लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

पेपर २ डिसेंबरला गेला. ६ डिसेंबरला, म्हणजे चार दिवसांत, दोन रिव्ह्यूअरचे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांचे, अभिप्राय आले. चार दिवसांत! आधीच्या जर्नलला सात महिने लागले होते. पण तेव्हा मला वाटलं, परदेशातली माणसं, कामाला वेळ देतात. पहिला अभिप्राय म्हणजे नुसती स्तुती. दुसऱ्यात पाच मुद्दे होते आणि चौथ्या मुद्द्यात लिहिलं होतं की दातांच्या किडीची वर्गवारी कोणत्या निकषांवर केली ते स्पष्ट करावे.

दातांच्या किडीची. सर्पदंशाच्या पेपरमध्ये.

मी इमर्जन्सी ड्यूटीवर होते, बारा वाजायला आले असतील. रेसिडेंटने ते वाचलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, हा रिपोर्ट आपल्या पेपरचा वाटत नाही." मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अरे, रिव्ह्यूअर एका वेळी दहा पेपर वाचतात, दुसऱ्याची ओळ चुकून आली असेल. तू टेबल तीन नीट कर." तो गप्प बसला. रेसिडेंट आपल्या गाइडसमोर दुसरं काय करणार? त्याला दिसलं होतं. मलाही दिसलं होतं. मी ते बाजूला सारलं, कारण मार्च जवळ येत होता. वर मी उत्तरात नम्रपणे लिहिलंसुद्धा की हा मुद्दा आमच्या अभ्यासाला लागू नाही. त्यावर चकार शब्द न येता ११ डिसेंबरला स्वीकृतीचं पत्र आलं.

त्या रात्री ११,८०० च गेले होते. तिथेच थांबता आलं असतं, आणि पेपर माझ्या हातात राहिला असता.

११ डिसेंबरला प्रोसेसिंग चार्ज २८,५००. १२ डिसेंबरला ९,५००, डिसेंबरच्याच अंकात घ्यायचं म्हणून. आणि ९ जानेवारीला १४,१६०, "स्कोपस इंडेक्सिंग शुल्क", बारा हजार अधिक जीएसटी. स्कोपस लेखकाकडून इंडेक्सिंगचा एक रुपयाही घेत नाही. पबमेड ही वैद्यकीय पेपरांची यादीही घेत नाही. हे शुल्क कुणी मागितलं तर तिथेच फोन ठेवा. युरोपातल्या जर्नलचे पैसे परराज्यातल्या एका शाखेतल्या, एका माणसाच्या नावाच्या बचत खात्यात जात होते. नवऱ्याने विचारलं होतं, "अगं, जर्नलचं खातं माणसाच्या नावावर कसं?" मी म्हटलं, भारतातला एजंट असेल. पावतीवरचा जीएसटी क्रमांक नंतर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला. असा क्रमांकच अस्तित्वात नाही. हे तपासायला अर्धं मिनिट लागतं आणि लॉगिनही लागत नाही.

पेपर "छापून" आला. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, दिला होता, तो डीओआयच्या अधिकृत साइटवर उघडेना. "तीन महिने लागतात मॅडम, लोड आहे," तो माणूस म्हणाला. खरा डीओआय साधारण पेपरबरोबरच चालू होतो. न उघडणारा डीओआय हा डीओआय नव्हे.

एप्रिलमध्ये छाननी समितीसमोर बसले. समितीतल्या एका सरांनी स्कोपस उघडलं, जर्नल उघडलं, तो अंक उघडला. त्या अंकात माझा पेपर नव्हता. सर काहीच बोलले नाहीत, फक्त स्क्रीन माझ्याकडे वळवली. पंधरा वर्षांत विद्यार्थ्यांसमोर, रुग्णांसमोर, कुणासमोरच मला असं वाटलं नव्हतं. मी "सर, मी तपासते" म्हणाले आणि फाइल उचलून बाहेर आले.

त्या जर्नलच्या खऱ्या संपादकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं, ती साइट आमची नाही, अशी पत्रं आम्हाला आणखीही आली आहेत. आलं ना उत्तर दोन दिवसांत! हाच मेल मी नोव्हेंबरमध्ये केला असता तर. पैसे भरण्याआधी संपादकाला त्याच्या संस्थेच्या ईमेलवर एक ओळ विचारा, साइटवर दिलेल्या ईमेलवर नाही.

आता मदत मागायला गेले तेव्हाचं ऐका.

पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर. मग अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न, "मॅडम, तुमचा लेख छापला की नाही?" मी म्हटलं, छापला, पण खोट्या साइटवर. "म्हणजे काम तर झालं. मग फसवणूक कसली?" मी समजावलं, जर्नल म्हणजे काय, स्कोपस म्हणजे काय, आयएसएसएन म्हणजे काय. ते मोबाइल बघत होते. दुसऱ्यांदा सगळ्या पावत्या, मेल, खऱ्या संपादकांचं पत्र, तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेचं फसवणुकीचं कलम ४२० आणि आयटी कायद्याचं तोतयेगिरीचं कलम ६६डी लिहिलेला अर्ज घेऊन गेले. तेव्हा म्हणाले, खातं परराज्यातलं आहे, तिथे जा. तिसऱ्यांदा म्हणाले, हा दिवाणी मामला. खोटं नाव घेऊन, खोटी साइट उभारून, खोटा जीएसटी क्रमांक टाकून पैसे घेणं हा दिवाणी मामला! शेवटी अर्जावर आवक क्रमांक मिळाला, एवढंच. आजतागायत मला एकदाही कुणी बोलावलेलं नाही.

बँकेत गेले. व्यवहार तुम्हीच केला, ओटीपी तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. ते मला ठाऊक होतं. मी परतावा मागतच नव्हते. समोरच्या बँकेला कळवा, त्या खात्यात आणखी कुणाकुणाचे पैसे येत असतील, एवढंच म्हणत होते. "एफआयआर आणा." पोलीस एफआयआर घेत नाहीत आणि बँक एफआयआरशिवाय कागद हलवत नाही. या दोन खिडक्यांच्या मध्ये मी चार रजा घालवल्या. तुमच्यावर अशी वेळ आली तर एक दिवसही थांबू नका, ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. मी पाच महिन्यांनी जागी झाले.

आणि आमचा रिसर्च सेल. दरवर्षी जानेवारीत परिपत्रक निघतं, प्रत्येकाने पेपर द्यावेत, संख्या कळवावी. जर्नल कसं ओळखायचं यावर या सेलने मी आल्यापासून एक तासाचं व्याख्यान ठेवलेलं नाही. मी जाऊन लेखी सांगितलं की अशी साइट आहे, बाकीच्यांना सावध करा. आठवड्याने हातात मेमो पडला, संस्थेच्या प्रतिमेस बाधा येईल असे प्रकाशन का केले याचा तीन दिवसांत खुलासा करावा. सावध करणारं परिपत्रक निघालं नाही ते नाहीच. मला माहीत आहे, आमच्याच इमारतीत आणखी दोघांनी त्याच माणसाला पैसे दिले आहेत. ते बोलत नाहीत. मेमो बघितल्यावर कोण बोलेल? याच गप्प बसण्यावर त्यांचा धंदा चालतो.

पैशाचं एक वेळ सोडा. पेपर अडकला आहे. तो त्या साइटवर अजून आहे, आमच्या नावांसकट. दुसरीकडे पाठवायचा तर प्लेजरिझमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो स्वतःशीच जुळतो, आणि एकदा प्रसिद्ध झालेला पेपर पुन्हा देणं हा ड्युप्लिकेट पब्लिकेशनचा दोष. काढून टाका म्हणून त्यांना लिहिलं तर उत्तर आलं, "विथड्रॉवल चार्ज" २२,०००. मी दिले नाहीत. देऊ नका. दिल्यावर काढतील याची हमी काय, आणि तुम्ही देणारे आहात हे कळलं की पुन्हा मागतील. कॉपीराइटवरच्या सह्या त्यांच्याकडे आहेत, पण खोट्या नावाच्या जर्नलला हक्क कसला, असं एका वकील मैत्रिणीने सांगितलं. तरी पुढचा संपादक ते मान्य करेल का, हे त्याच्यावर.

दोन जर्नलांनी सगळं ऐकून नकार दिला. रेसिडेंट एमडी होऊन त्याच्या जिल्ह्यात गेला. त्याने बायोडेटातून हा पेपर स्वतःच काढला, मी सांगायच्या आधीच. मी त्याला फोन करून दातांच्या किडीची ती ओळ आठवते का विचारलं. "आठवते मॅडम," एवढंच म्हणाला.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या जर्नलला पाठवला. या वेळी लॉगिन मी उघडलं, माझ्या संस्थेच्या ईमेलवरून. कव्हर लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात साइटचा पत्ता, तारखा आणि खऱ्या संपादकांचं पत्र जोडलं. पाठवण्याआधी मसुदा रेसिडेंटला दिला आणि म्हटलं, जे खटकेल ते लिही. त्याने सात ठिकाणी खुणा केल्या. सातही बरोबर होत्या.