मुलाचं पहिलं पत्र: पोस्टकार्ड, आंतरदेशीय की पाकीट?

मूल दुसरी-तिसरीत आहे, त्याची जिवाभावाची मैत्रीण किंवा मित्र दुसऱ्या गावी गेलाय आणि तुम्हाला वाटतंय की यानं हाताने पत्र लिहावं. आता सुरुवात कशाने करायची? आमच्याकडे दोन वर्षांत तिन्ही प्रकार झाले. माझं मत आधीच सांगते: पहिली चार-पाच पत्रं पोस्टकार्डावरच जाऊ द्या.

पोस्टकार्ड 50 पैशांचं. चुकलं, फाटलं, शाई सांडली तरी जीव कळवळत नाही, दुसरं घ्यायचं. 14 सेंटिमीटर बाय 9 सेंटिमीटर एवढीशी जागा, मुलाच्या मोठ्या अक्षरात जेमतेम आठ-नऊ ओळी मावतात. हीच त्याची खरी किंमत. कोरा ताव समोर ठेवला की मूल ‘काय लिहू?’ म्हणून पेन चावत बसतं. कार्ड मात्र बघता बघता भरतं. लेकीच्या पहिल्या कार्डात मांजरीच्या पिल्लांची गोष्ट अर्ध्यावर आली आणि जागा संपली. मग तिने कार्ड फिरवून फिरवून चारही कडांनी लिहिलं आणि शेवटी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘ता. क. तिसरं पिल्लू काळं आहे’. पुढच्या वेळी मात्र लिहायच्या आधी विचारायला आली, “आई, आधी पिल्लांचं लिहू की शाळेचं?” काय आधी, काय नंतर, काय गाळायचं, हे तिला मी शिकवलं नव्हतं.

कार्डाची अडचण एकच, पण मोठी. ते उघडं असतं. पोस्टमनकाकांपासून मैत्रिणीच्या आजीपर्यंत कोणीही वाचू शकतं. मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की त्याला हे खुपायला लागतं, आणि ते रास्तच आहे.

तेव्हा आंतरदेशीय घ्या. अडीच रुपयांचं ते निळं पत्र. आत ऐसपैस जागा, घड्या घालून चिकटवलं की गुपित सुरक्षित. पण घड्या कुठे, डिंक कुठे, कुठल्या भागावर लिहायचं नाही, हे पहिल्यांदा शेजारी बसून दाखवावं लागतं. नाहीतर उघडताना दोन ओळी फाटून जातात. आत दुसरं काही घालायला परवानगी नाही, चित्राचा कागदसुद्धा नाही. परदेशातल्या मावसबहिणीला ते चालणार नाही, हे तर नावातच आलं.

चित्रं काढणाऱ्या मुलासाठी पाकीटच बरं. 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपये. झेरॉक्सच्या साध्या ए-फोर कागदाचं वजन सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे पाकिटासकट तीन कागद बसतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर लेकीने स्वतः वजन करून पाहिलं. तिकीट कमी पडलं तर पैसे मैत्रिणीच्या घरून वसूल होतील हे कळल्यावर फारच काटेकोर झाली. मात्र सात वर्षांच्या मुलाला पाकीट दिलंत, तर चित्रच जाईल आणि मजकूर दोन ओळींचा.

पत्ता तिन्हींवर मुलालाच लिहू द्या. पिनकोडचे सहा चौकोन भरायला मुलांना फार आवडतं. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासूनची, आणि तिच्यामागे टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर होते, आपले मराठी गृहस्थ आणि संस्कृत कवी. पुण्याच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे 411, नागपूरचे 440. दोन्ही 4 ने का सुरू होतात हे लेकीने विचारलं आणि आम्ही नकाशा काढून 4 च्या विभागातले महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड पाहिले. पावसाळ्यात पत्त्याला साधं बॉलपेनच वापरा, जेलची शाई भिजून पसरते.

आता शुद्धलेखन. लाल पेन घेऊन पत्र तपासू नका, ही माझी कळकळीची विनंती. लेकीने लिहिलं होतं, ‘काल मी दादाला पडलं.’ मला दिसलं होतं, पण गप्प राहिले. दहा दिवसांनी नागपूरहून उत्तर आलं: ‘दादा पडला की तू त्याला पाडलंस?’ वहीत किती वेळा गोल करून दाखवलेला तो काना त्या दिवसापासून सुटलेला नाही. हे तिन्ही प्रकारांत सारखंच घडतं. फक्त कार्ड लवकर लिहून होतं, म्हणून उत्तरंही जास्त येतात.

आमच्या जवळच्या पोस्टात कार्डं अनेकदा संपलेली असतात, त्यामुळे मिळाली की एकदम दहा घेऊन ठेवते. आणि मैत्रिणीकडून उत्तर येत नसेल, तर एकदा पाकीट पाठवा, त्यात स्वतःचा पत्ता लिहिलेलं एक कोरं पोस्टकार्ड घालून. आमचं पाचव्या दिवशी परत आलं, चारही कडांनी भरून.