जुन्या मॅग्नेप्लॅनर स्पीकरच्या खरेदीत झालेली फसवणूक

न्यू जर्सीत राहून मी जुने मॅग्नेप्लॅनर एमजी-३ए स्पीकर विकत घेतले. त्या व्यवहारात माझी कशी फसवणूक झाली, हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हीच युक्ती इतरांवरही सहज चालू शकते. जाहिरातीत ‘कारखान्यातून संपूर्ण दुरुस्त’ असे स्पष्ट लिहिलेले होते. हे स्पीकर बनवणारी मॅग्नेपॅन कंपनी जिम वायनी यांनी १९६९ मध्ये मिनेसोटात स्थापन केली. ती आजही आपले जुने स्पीकर दुरुस्त करून देते, त्यामुळे या दाव्यावर शंका घेण्यासारखे वरवर काहीच नव्हते.

या स्पीकरमध्ये खोका नसतो आणि आवाज काढणारा शंकूही नसतो. ताणलेल्या मायलारच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पातळ पडद्यावर गोंदाने तार चिकटवलेली असते आणि मागे सच्छिद्र पोलादी पत्र्यावर चुंबकांच्या पट्ट्या असतात. तारेतून प्रवाह गेला की सगळा पडदाच हलतो. वर्षे लोटली की हा गोंद सुकतो, ऊन आणि दमट हवा त्याला लवकर मारतात, आणि सुटलेली तार पडद्यावर आपटून खरखरू लागते. हे सगळे कापडाच्या आवरणाखाली घडते, म्हणून बाहेरून स्पीकर नवाकोरा दिसू शकतो.

विक्रेत्याने मी काय ऐकतो हे आधीच विचारून घेतले होते. मी गेलो तेव्हा त्याने ख्यालगायनाचा संथ आलाप लावला, तोही शेजाऱ्यांचे कारण सांगून अगदी हळू आवाजात. सुटलेल्या तारेची खरखर तंबोऱ्याच्या जवारीत मिसळून जाते आणि वेगळी ओळखू येत नाही. ही निवड त्याने जाणूनबुजून केली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कापड काढून दाखवा म्हटल्यावर, स्टेपल उचकटल्या तर कारखान्याचे काम बिघडेल, असे उत्तर मिळाले. पैसेही त्याने ओळखीच्या माणसाला पाठवतात त्या पद्धतीने मागितले. त्या पद्धतीत खरेदीदाराला कोणतेही संरक्षण नसते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

घरी तबल्याचे ध्वनिमुद्रण लावले आणि डग्ग्याच्या पहिल्याच घुमाऱ्यावर डावे पॅनेल कर्कश वाजले. कापड उतरवले तेव्हा सुटलेल्या तारेवर रबरी गोंदाचे जाड थेंब ठिकठिकाणी टाकलेले दिसले. खऱ्या दुरुस्तीत जुना गोंद संपूर्ण साफ करून नवा गोंद पातळ आणि एकसारखा लावावा लागतो, कारण पडद्याचे वजन वाढले की आवाज बिघडतो. त्याहून संतापजनक गोष्ट मागच्या बाजूला होती. ट्वीटरच्या, म्हणजे उंच स्वर वाजवणाऱ्या भागाच्या, फ्यूजला धातूचा वर्ख गुंडाळून तो निकामी केलेला होता. ट्वीटरची रिबन म्हणजे ॲल्युमिनियमची अतिशय तलम पट्टी. तिला वाचवणारा फ्यूजच नसेल, तर ॲम्प्लिफायरचा एक जोरदार झटका तिला तोडायला पुरतो. कंपनीला फोन करून अनुक्रमांक सांगितला, तेव्हा हे स्पीकर दुरुस्तीसाठी आल्याची नोंद नसल्याचे कळले. विक्रेत्याने त्यानंतर फोन उचलणे बंद केले.

हाच माणूस रिबन स्पीकर बनवणाऱ्या ॲपोजी कंपनीच्या ‘कधीच न वापरलेल्या मूळ रिबन’ही विकत होता. ती कंपनी १९९० च्या दशकातच बंद झाली. त्या रिबनच्या कडांचा फोम पेटीत ठेवूनही वयाने भुसभुशीत होतो, त्यामुळे ‘न वापरलेली’ या शब्दाला तिथे काही किंमत नाही.

मॅग्नेप्लॅनर घेताना पैसे देण्यापूर्वी कापड उतरवलेल्या दोन्ही पॅनेलची छायाचित्रे मागावीत. अनुक्रमांक कंपनीला कळवून दुरुस्तीची खातरजमा करावी, आणि फ्यूज स्वतः बाहेर काढून पाहावा. मल्टिमीटरने दोन्ही बाजूंचा रोध मोजून तो जुळतो का ते पाहावे. मात्र सुटलेली तारही अखंड असू शकते, म्हणून या मोजणीवर विसंबू नये. खरी परीक्षा डग्ग्याने किंवा ४० ते १०० हर्ट्झच्या चढत्या स्वराने, नेहमीच्या आवाजात आणि पॅनेलजवळ कान नेऊनच होते. ही परीक्षा नाकारणाऱ्याशी व्यवहार करू नये, मग किंमत कितीही कमी असो.