‘अपील टाकू, शिक्षा पुसली जाईल’ : माझे बेचाळीस हजार

मी दोनदा फसलो. पहिल्यांदा तीन हजारांत, दुसऱ्यांदा बेचाळीस हजारांत.

भांडुपला आमच्या चाळीत २०२१ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या मोटरीवरून भांडण झालं. आम्ही मोटर लावली की शेजारच्या काकांच्या नळाला थेंब येत नाही, असं त्यांचं म्हणणं. (त्यात तथ्य होतं, आता कबूल करायला हरकत नाही.) शब्दाने शब्द वाढला, ओढाताण झाली, काकांचा हात दाराच्या कडीवर आपटला. पोलीस ठाण्यात आधी नुसती एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली होती. मग त्यांच्या मुलाने कोर्टातून तपासाचा हुकूम आणला आणि भा.दं.वि. (भारतीय दंड विधान) ३२३, ५०४ खाली, म्हणजे दुखापत आणि अपमान केल्याची केस उभी राहिली. दर तारखेला एक खाडा, आणि पुढची तारीख.

जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीपाशी एकाने गाठलं. पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत फायली. “किती वर्षं हेलपाटे घालणार भाऊ? गुन्हा कबूल कर, हजार रुपये दंड भर, केस क्लोज.” दंडाचे हजार आणि त्याचे दोन हजार. कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “साहेब, ओढाताणीत लागलं, मी मारलं नाही.” मागून कोपर बसलं. “कबूल म्हण.” मी मान हलवली. छापील इंग्रजी कागदावर पेनाने फुली मारून ठेवली होती, तिथे सही केली. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि हजार रुपये दंड. कैद म्हणजे काय, संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिलो. पावती घेतली आणि घरी जाताना आईसाठी वडापाव नेले. सुटलो, असंच वाटत होतं.

‘केस क्लोज’ म्हणजे ‘दोषी ठरलो’ हे मार्चमध्ये कळलं. विमानतळावर एका कार्गो कंपनीत काम मिळत होतं, आत जायचा पास काढायला पोलीस पडताळणी झाली आणि त्यात शिक्षा लिहून आली. काम गेलं.

मग कुणीतरी एक ‘वकीलसाहेब’ सुचवले. फोर्टात जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, पॅसेजमध्ये टेबल. भिंतीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नव्हती. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं. “सेशन्स कोर्टाला अपील टाकू, कबुली मागे घेऊ, शिक्षा पुसली जाईल. तीन महिने.” आधी अठरा हजार. मग नऊ हजार ‘कोर्ट फी’. मग पंधरा हजार रोख, ‘नकलेचे आणि वरचे’. कोऱ्या वकालतनाम्यावर सह्या घेतल्या. व्हॉट्सॲपवर अपिलाच्या पहिल्या पानाचा फोटो आला, कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का, अक्षरं मुद्दाम पुसट. विचारलं की “बोर्डावर (कोर्टाच्या कामाच्या यादीत) आलं नाही अजून.” असे आठ महिने.

माझी वहिनी एका वकिलाकडे टायपिंग करते. तिने शिक्क्याकडे बघितलंही नाही. “सीएनआर नंबर दे,” म्हणाली. दाखल झालेल्या केसला सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर पडतो आणि ईकोर्ट्सच्या ॲपवर तो फुकटात बघता येतो. नंबर नव्हताच. नावाने शोधलं, तरी काही नाही. अपील कधी दाखलच झालं नव्हतं.

तिनेच विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे आणि बसत असेल त्याला वकील फुकट मिळतो. तिथल्या मॅडमनी ‘कोर्ट फी नऊ हजार’ ऐकून चष्माच काढून ठेवला. फौजदारी अपिलाला इतकी फी नसते. पुढचं मात्र मला हसण्यासारखं नव्हतं. मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असेल, तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपीलच होत नाही. शिक्षा जास्त आहे किंवा कायद्याला धरून नाही, एवढंच अपिलात मांडता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४१६. म्हणजे त्या माणसाने खरोखर अपील टाकलं असतं, तरी माझी शिक्षा पुसली गेली नसती.

रस्ता वेगळा होता : सेशन्स कोर्टात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या कोर्टाने कायद्याप्रमाणे काम केलं का ते तपासा असा अर्ज, ज्याला तिथे सगळे रिव्हिजन म्हणतात. आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असं कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयानेही महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात हे बंधनकारक धरलं. तो निकाल १९६६ च्या ए.आय.आर. या निकालांच्या संग्रहात छापलेला आहे. मॅडमनी सही-शिक्क्याची नक्कल मागवली. माझ्या नावापुढे एकच छापील ओळ, गुन्हा कबूल आहे. ‘ओढाताणीत लागलं’ कुठेच नाही. ‘मी मारलं नाही’ म्हणणारा माणूस गुन्हा कबूल करत नसतो, त्या म्हणाल्या.

पण रिव्हिजनला मुदत ९० दिवसांची. मी मार्चमध्ये त्या टेबलाशी बसलो तेव्हा माझ्या हातात जवळजवळ दीड महिना शिल्लक होता. तो त्या जांभळ्या शिक्क्याच्या फोटोत गेला. बेचाळीस हजारांपेक्षा मला ते जास्त लागलं. आता रिव्हिजनबरोबर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागला, आणि उशिराचं कारण म्हणून फसवणुकीचे सगळे व्हॉट्सॲप मेसेज छापून लावलेत.

मॅडमनी आणखी एक सांगितलं, ते ऐकून मी रात्रभर झोपलो नाही. ३२३ आणि ५०४ दोन्ही तडजोडीचे गुन्हे. तक्रारदाराने मिटवलं की परिणाम निर्दोष सुटण्याचा, दंड नाही, नावावर शिक्षा नाही. काका २०२२ पासूनच मिटवायला तयार होते. आईजवळ बोललेही होते. आईने मला सांगितलं होतं. मी म्हणालो, त्यांच्यापुढे कोण वाकणार.

फसवणुकीची तक्रार पोलिसांत दिली आहे. त्या नावाने वकिलाची सनद नाही, असं बार कौन्सिलकडून कळलं. सत्तावीस हजार यूपीआयने गेले, त्यांची नोंद आहे. पंधरा हजार रोखीचे, त्यांची पावती विचारली तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. रिव्हिजनची पुढची तारीख २२ ला आहे. काका येणार म्हणालेत, सकाळची ८.१० ची लोकल पकडू.