तुळस: मंजिरीचं रोप की फांदी?

शेजारच्या काकूंची कृष्णतुळस म्हातारी झालीय. बुंधा लाकडासारखा, पानं विरळ. मंजिऱ्या पेरू की फांदी लावू, असं त्यांनी विचारलं. मी दोन्ही करत आलेय.

खर्च दोन्हीकडे जवळपास शून्य. फरक वेळेत आणि मेहनतीत आहे. वाळलेली मंजिरी तळहातावर चोळली की खसखशीहून बारीक बी निघतं. ते भुरभुरवायचं, वर मातीचा अगदी पातळ थर द्यायचा, खोल गेलं तर उगवत नाही. आठ-पंधरा दिवसांत कोंब येतात. रोप बोटभर उंच होईपर्यंत पाणी फवाऱ्यानेच, नाहीतर ती नाजूक रोपं आडवी होतात. मग संध्याकाळी मुळांभोवतालच्या मातीसकट उचलून लावायचं आणि चार दिवस सावलीत ठेवायचं.

फांदी त्यामानाने सोपी. फुलोरा न आलेली, वीतभराहून थोडी लहान, कोवळी काडी घ्या. खालची पानं काढून पाण्यात ठेवली की दोन आठवड्यांच्या आत पांढरी मुळं दिसू लागतात. जून काडी मात्र बहुतेक वेळा कुजते.

टिकण्यात मला बियांचं रोप सरस वाटतं. त्याचं सोटमूळ खोल जातं, उन्हाळा सोसतं. पण मधमाश्यांमुळे परागकण मिसळतात, त्यामुळे जवळ हिरवी तुळस असेल तर कृष्णतुळशीची लेकरं हिरवट निघू शकतात.

काकूंना सासूबाईंच्या हातची तीच तुळस हवी आहे, म्हणून त्यांनी फांदीच लावावी. अंगणात किंवा बांधावर पुष्कळ रोपं हवी असतील, तर मंजिऱ्या जपून ठेवा.