एक्सेलमधली ‘होल भेटतात का’ शीट : आठ महिन्यांचा वापर

बेळगावला उद्यमबागेत आम्ही हायड्रॉलिक ब्लॉक करतो. ठोकळ्यात तेलाच्या वाटा म्हणजे निरनिराळ्या बाजूंनी मारलेले होल. काही एकमेकांना भेटलेच पाहिजेत, काही मुळीच भेटता कामा नयेत. सरळ होल ड्रॉइंगवर कळतात, तिरका आला की नजर फसते. बैलहोंगलचा आमचा ऑपरेटर दर वेळी विचारायचा, “एरडू होल कूडतावेन्री?” (दोन होल भेटतात का हो?)

म्हणून सेकंड पीयूसीतलं (बारावीतलं) दोन रेषांमधल्या अंतराचं सूत्र एक्सेलमध्ये बसवलं. दोन होलच्या तोंडांमधला फरक पहिल्या ओळीत, दोघांच्या दिशा खालच्या दोन ओळींत, त्यावर एमडीटर्म (MDETERM), म्हणजे डिटर्मिनंट काढणारं एक्सेलचं फंक्शन. शून्य आलं की दोन्ही अक्ष, म्हणजे होलच्या मध्यरेषा, एकाच प्रतलात.

उदाहरण देतो. एक होल (20, 10, 0) वरून (1, 1, -2) दिशेने, दुसरा (0, 40, -60) वरून (1, 0, 0) दिशेने. उत्तर शून्य, भेट (50, 40, -60) ला. दुसऱ्याचा 40 चुकून 42 झाला तर उत्तर -4. पण हे 4 मिलिमीटर नव्हेत! दिशांच्या सदिश गुणाकाराच्या (क्रॉस प्रॉडक्टच्या) लांबीने, म्हणजे √5 ने भागलं की खरं अंतर 1.79 मिमी मिळतं. पहिला 8 मिमी व्यासाचा आणि दुसरा 6 चा असेल तर ते एकमेकांत घुसतात खरे, पण सहाचा होल आठाच्या बाहेर 0.79 मिमी सरकतो आणि तेलाची वाट अरुंद होते. शीटचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे झाला.

आता खोट. समांतर होलनाही एमडीटर्म शून्यच देतं. तिसऱ्या महिन्यात मी ते शून्य पाहून ‘भेटतात’ असं लिहून दिलं आणि एक जॉब स्क्रॅप गेला. फार वाईट वाटलं. आता आधी सदिश गुणाकार तपासतो. तो शून्य असेल तर होल समांतर, आणि अंतराचं सूत्र वेगळं.

दुसरं, रेषेला शेवट नसतो, होलला असतो. वरच्या उदाहरणात पहिला होल तोंडापासून सुमारे 73.5 मिमी गेल्यावर अक्ष भेटतात. 60 वर थांबवला तर शीट हो म्हणेल आणि तेल पुढे जाणार नाही. खोलीचा रकाना सुरुवातीपासूनच ठेवा.

आणि तंतोतंत शून्याची वाट पाहू नका. साइन-कोसाइनने काढलेल्या दिशा घातल्या की शून्याऐवजी कित्येक दशांश स्थळांनंतरचा एखादा बारीक आकडा उरतो. मी अंतर 0.001 मिमीच्या आत असेल तर ‘भेटतात’ धरतो. ऑपरेटर आता आकडे स्वतःच भरतो.