काळ्या वावरात, दिवेलागणीनंतर: लाँच मॉनिटरचे आठ महिने

काटोलपासून थोडं आत आमची संत्र्याची बाग आहे. फौजेत असताना छावणीच्या मैदानावर गोल्फ शिकलो. निवृत्तीनंतर तो सोडायची इच्छा नव्हती. दिवस बागेत जातो आणि एप्रिल-मेमध्ये ऊन उभं राहू देत नाही, म्हणून सराव रात्री आठनंतर, धुऱ्याजवळ लावलेल्या जाळीत. अंधारात, तेही जाळीत, चेंडू कुठवर गेला असता हे डोळ्यांना कळायची सोयच नाही. चेंडूचा वेग आणि कोन मोजून तो किती लांब गेला असता हे सांगणारं यंत्र म्हणजे लाँच मॉनिटर. ते सांगेल तेच खरं मानावं लागतं, त्यामुळे निवड नीट व्हायला हवी.

पहिलं यंत्र माझं चुकलं. ते फोनच्या कॅमेऱ्याने चेंडू टिपायचं. त्यासाठी मोठा एलईडी फ्लड लावला, तर ऑक्टोबरात त्यावर पाखरांचा ढग जमला आणि दहातले चार-पाच शॉट नोंदलेच जाईनात. लाइट गेली की सराव संपला. महिन्याभरात ते विकलं.

मात्र सगळीच कॅमेऱ्याची यंत्रं रात्री निकामी ठरतात असं नाही. स्कायट्रॅक किंवा फोरसाइटच्या जीसी-३ सारखी यंत्रं चेंडूच्या बाजूला ठेवतात. ती स्वतःचा प्रकाश टाकून क्षणार्धात फोटो घेतात, त्यांना अंधाराचं भय नाही. स्पिन, म्हणजे चेंडूची फिरकी, हीही ती थेट मोजतात. पण माझ्याकडे मळणीची धूळ आणि थंडीतलं दव, दोन्ही भिंगावर बसणार, आणि किंमतही मला झेपणारी नव्हती. म्हणून चेंडूच्या मागे ठेवायचं रडार घेतलं, गार्मिनच्या आर-१० किंवा फ्लाइटस्कोपच्या मेव्होच्या जातीचं. रडार सूक्ष्मलहरी सोडतं. पळणाऱ्या चेंडूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदललेली असते, त्यावरून वेग निघतो. उजेड असो नसो, त्याला फरक पडत नाही. मला फक्त चेंडू दिसण्यापुरता एक छोटा बॅटरीवरचा दिवा लागतो, तोही जमिनीलगत.

आता खरं काम सांगतो, ते जमिनीचं. आमची माती काळी. पावसात फुगते, मार्चपासून बोट जाईल अशा भेगा पडतात. एके आठवड्यात सात नंबर आयर्न या क्लबचा (गोल्फच्या काठीचा) लाँच अँगल, म्हणजे चेंडू उडतानाचा कोन, अचानक दोन-तीन अंशांनी वर दिसू लागला. स्विंग बिघडला समजून मी चार रात्री स्वतःलाच दुरुस्त करत बसलो. शेवटी पुतण्याने टॉर्च मारून पाहिलं, "काका, तुमचं मशीनच एका बाजूनं खचलं न!" मग जागा खणून मुरूम भरला, धुमस केली, वर शहाबादी फरशा बसवल्या आणि चेंडू व यंत्र एकाच पातळीवर आहेत हे गवंड्याच्या पाणसळीने तपासलं. तेव्हापासून आकडे स्थिर आहेत. दिशेसाठी दिवसा फक्कीची रेघ मारून ठेवतो; अंधारात अंदाजाने यंत्र लावलं तर सरळ गेलेला शॉटही डावा दाखवतं.

चेंडू ते जाळी मी तीन मीटर ठेवलं आहे. रडारला चेंडू थोडा तरी उडताना दिसावा लागतो. मे महिन्यात जाळीजवळ टेबल फॅन लावून पाहिला, तर मी न मारलेले शॉट नोंदले जाऊ लागले. आता फॅन पाठीमागे.

आकड्यांवर विश्वास किती ठेवावा? सोयाबीन निघाल्यावर, हरभरा पेरायच्या आधी, रिकाम्या वावरात दिवसा जाळीशिवाय मारून टेपने मोजलं. मार्चमध्ये हरभरा निघाल्यावर पुन्हा मोजलं. सात नंबरची कॅरी (चेंडू जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर) यंत्राने सांगितली त्यापेक्षा चार-पाच मीटर इकडेतिकडे होती. बॉल स्पीड आणि लाँच अँगलवर मी आता निर्धास्त असतो. स्पिनचा आकडा मात्र जाळीत बघतच नाही, कारण एवढ्या छोट्या उड्डाणात हे स्वस्त रडार तो बहुतेक हिशेबानेच काढतं. वेजचा, म्हणजे जवळच्या उंच शॉटच्या क्लबचा, सराव हाच तुमचा मुख्य हेतू असेल तर बाजूला ठेवायच्या कॅमेऱ्यासाठी पैसे साठवा.

मला दिवसाकाठी पन्नास चेंडू मारायचे असतात आणि कोणता क्लब किती जातो एवढंच कळायला हवं. त्यासाठी हे यंत्र पुरेसं आहे. पाऊस सुरू झाला की फरशा झाकून ठेवणार, पुन्हा सोयाबीन निघाल्यावर सुरुवात.